वाऱ्याचा बोगदा

विमान आकाशात कसे तरते, हा प्रश्न पुष्कळांस पडतो. परंतु नवे विमान तरेल की कोसळेल हे ते उडविण्यापूर्वी कसे ठरवितात, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. कारण तेथे चूक झाली तर वैमानिकाचे प्राण जातात. ते ठरविण्याचे स्थान म्हणजे वाऱ्याचा बोगदा. विमानाची लहान प्रतिकृती त्यात स्थिर धरून तीवर यंत्राने वारा सोडतात, आणि वारा तिला किती उचलतो व किती मागे रेटतो हे ताजव्याने मोजतात.

या विद्येचे माहेरघर जर्मनीतील गटिंगेन. पृष्ठभागालगतचा हवेचा पातळ थर मंदावतो, व तो पृष्ठभाग सोडून सुटला की भोवरे उठतात, हे लुडविग प्रांटल यांनी १९०४ साली मांडले. पंचगंगेस पूर आला असता पुलाच्या खांबांमागे जे भोवरे दिसतात, त्यांचे मूळही हेच. प्रांटल यांच्या हाताखाली १९३६ साली डॉक्टरेट मिळविणारे एक गृहस्थ आपल्याच जिल्ह्यातले होते. विष्णु माधव घाटगे यांचा जन्म १९०८ साली गडहिंग्लजजवळ हसूरचंपू येथे झाला. कोल्हापुरास आपल्या मल्लांची नावे तोंडपाठ असतात. हे नाव मात्र आम्ही फारसे ऐकले नव्हते.

त्या काळी हे शास्त्र खोलवर शिकावयाचे तर समुद्र ओलांडण्यावाचून गत्यंतर नव्हते. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४० साली बंगळुरास विमानांचा कारखाना काढला खरा; पण युद्धाच्या धामधुमीत तेथे परक्यांच्या विमानांची दुरुस्तीच मुख्यत्वे होऊ लागली. दुरुस्ती करणारे हात तयार होतील, परंतु कोऱ्या कागदावर नवे विमान रेखाटणारा कोठून यावा? ही उणीव भरून काढण्याचे काम त्याच नगरीतील भारतीय विज्ञान संस्थेने पत्करले. डिसेंबर १९४२ मध्ये तेथे विमानविद्येचा विभाग निघाला व त्याची धुरा घाटगे यांजकडे आली. गटिंगेनची विद्या आता बंगळुरास मिळू लागली.

पुढे १९५१ साली सतीश धवन अमेरिकेतून शिकून या संस्थेत आले. ध्वनीहून वेगवान वाऱ्याचा बोगदा त्यांनी येथे उभारला; त्याचे तोंड अवघे १ इंच बाय ३ इंच, म्हणजे पोस्टकार्डाहूनही लहान! साधने तुटपुंजी असली म्हणजे हात आखडते घेणाऱ्यांनी हे माप ध्यानी धरावे.

घाटगे तोवर कारखान्याचे मुख्य अभिकल्पक झाले होते. त्यांनी रेखाटलेले एच. टी. २ हे विमान ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडाले. अशी दीडशेहून अधिक विमाने झाली; काही दूर घाना देशासही गेली. ते होते शिकाऊ वैमानिकांसाठी. त्यात जागा दोनच, एकामागे एक: एक शिकणाऱ्याची, दुसरी शिकविणाऱ्याची.