डोळ्यांची मधली सुट्टी

माझे गाव पावस. ते रत्नागिरी जिल्ह्यात आहे. आमच्या गावातून गौतमी नदी वाहते. गावात स्वामी स्वरूपानंदांचे समाधी मंदिर आहे, म्हणून लांबून लांबून माणसे येतात. आमचे घर आंब्याच्या कलमांमध्ये आहे. घरी आजी, आजोबा, आई, ताई, तीन वर्षांचा छोटू आणि मी असतो. बाबा नोकरीसाठी मुंबईला असतात. ते गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात येतात.

आपल्या शाळेत मधली सुट्टी असते. घंटा झाली की आपण खिचडी खातो, पळापळी करतो. पुन्हा घंटा झाली की वर्गात बसतो. मधली सुट्टी नसेल तर शाळा कोणाला आवडेल? मला वाटते, आपल्या डोळ्यांनाही अशी मधली सुट्टी हवी.

आजोबा सांगतात, मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. पण आमच्या वाडीत टीव्ही यायला पुष्कळ वर्षे लागली. १९८७ मध्ये रविवारी सकाळी रामायण मालिका लागायची, तेव्हा वाडीत एकच टीव्ही होता. त्या घरची ओटी माणसांनी भरून जायची. मालिका संपली की टीव्ही बंद करून त्यावर कपडा घालायचे आणि सगळे आपापल्या कामाला जायचे. म्हणजे टीव्ही आपोआप संपत होता. मोबाईल मात्र संपतच नाही. एक व्हिडिओ झाला की लगेच दुसरा लागतो. तिथे घंटा वाजवायला कोणी नाही. म्हणून ती आपणच वाजवायला हवी.

अशी घंटा एका गावाने खरोखर वाजवली. आमच्या बाईंनी आम्हाला ती गोष्ट सांगितली. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिकडे ऊस खूप होतो. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद पडल्या आणि अभ्यास मोबाईलवर आला. पुढे शाळा उघडल्या, पण मुलांच्या हातातला मोबाईल सुटेना. मोठी माणसेही टीव्हीसमोरून उठेनात. तेव्हा सरपंच विजय मोहिते आणि गावकऱ्यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये एक ठराव केला. संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजायचा. भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे नाहीतर एकमेकांशी बोलायचे. साडेआठला सुट्टी संपायची. पहिल्यांदा आशाताई, अंगणवाडीच्या बाई आणि निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन लोकांना सांगत. मला यातली एक गोष्ट फार आवडली. नियम फक्त मुलांना नव्हता, सगळ्या गावाला होता.

बाईंनी डोळ्यांचीही माहिती सांगितली. जवळचे बघताना डोळ्याच्या आतला स्नायू आवळलेला राहतो. लांब बघितले की तो सैल होतो. म्हणून दर २० मिनिटांनी २० फुटांच्या पलीकडे २० सेकंद बघावे. शिवाय मोबाईल बघताना आपण पापण्या कमी मिटतो, म्हणून डोळे कोरडे पडतात आणि चुरचुरतात. मी घरी ताईवर प्रयोग केला. ती बोलत असताना एक मिनिटभर पापण्या मोजल्या, तर माझ्या दोन्ही हातांची बोटे पुरली नाहीत. मग ती मोबाईलवर दहावीचा अभ्यास बघत होती तेव्हा मोजल्या. एका हाताची बोटेसुद्धा भरली नाहीत! आता ती मध्येच उठते आणि पडवीत येऊन समोरच्या माडाचा शेंडा बघते.

वडगावची गोष्ट मी आजीला सांगितली. आजी हसली आणि म्हणाली, "बाय, त्यांनी भोंगा आता आणला. आमच्या वेळी दिवा लागला की तोच भोंगा." पूर्वी दिवेलागणीला सगळी मुले पर्वचा म्हणायची. शुभंकरोति झाले की पाढे, पावकी, निमकी, दिडकी. ते झाल्याशिवाय जेवायला वाढत नसत.

मग आमच्या घरीही ७ ते साडेआठ सुट्टी ठेवायचे ठरले. पण एक अडचण आली. बाबांचा फोन रोज साडेसातलाच यायचा. त्यात ते आम्हाला दिसतात. छोटू तर बाबांना जास्त मोबाईलमध्येच बघतो. मी म्हटलं, "मला असली सुट्टी नकोच." आईपण काही बोलली नाही. शेवटी आजीने बाबांनाच विचारले. बाबा म्हणाले, "मी साडेआठला फोन करतो. तोपर्यंत गाडीत मी पण मोबाईल खिशात ठेवतो. माझ्या डोळ्यांनापण सुट्टी हवीच आहे." तेव्हापासून मोबाईल कोनाड्यात असतो. त्याचा आवाज चालू ठेवतो. नडीअडीचा फोन आला तर घ्यायचा.

त्या दीड तासात आम्ही पाढे म्हणतो. आजोबा दिडकी शिकवतात. पावसाळ्यात आजी चुलीत आठळ्या भाजते आणि आम्ही सोलून खातो. ताई आणि मी काचापाणी खेळतो. जूनमध्ये झाडावर काजवे चमकले ते आम्ही सगळ्यांनी अंगणात उभे राहून बघितले. छोटूला आता आई मोबाईल दाखवून भरवत नाही, मांजर दाखवून भरवते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे की २ ते ४ वर्षांच्या मुलांनी दिवसात १ तासापेक्षा जास्त पडदा बघू नये, आणि १ वर्षाच्या आतल्या बाळाने मुळीच बघू नये.

सगळ्यात मोठा फायदा वेगळाच झाला. बाबा फोनवर विचारतात, "आज काय केलंस?" आता मला सांगायला खूप असते. परवा आजोबांनी फोनवर बाबांनाच विचारले, "अकराची दिडकी किती?" बाबा अडले. मी मागून ओरडले, "साडेसोळा!" बाबा इतके हसले की आईपण हसायला लागली.

मोबाईल वाईट नाही. तो नसता तर आम्हाला बाबा रोज दिसले नसते. पण बाबांना सांगण्यासारखे मोबाईलच्या बाहेर घडते. मित्रमैत्रिणींनो, तुमच्या घरीही संध्याकाळची एक घंटा ठरवा. आणि हे भित्तिपत्रक वाचायला आलेल्या आईबाबांना माझी विनंती आहे, की घंटा झाली की तुमचाही मोबाईल कोनाड्यात ठेवा. मधली सुट्टी सगळ्या शाळेला एकदमच होते, म्हणून तर मजा येते.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी