गॅझेटिअरमधली बार्शी, नानीची बार्शी

बार्शीचा इतिहास विचारला की माणसं दोन गोष्टी सांगतात. एक भगवंताचं मंदिर, दुसरी बार्शी लाईट. तिसरी गोष्ट म्हणून शाहीर अमर शेखांचं नाव घेणारा भेटलाच तर तो बहुधा साठी ओलांडलेला असतो. आठवीच्या वर्गात मी ते नाव फळ्यावर लिहिलं तेव्हा एका मुलाने विचारलं, "सर, हे आपल्याच गावचे?" होय, आपल्याच गावचे. २० ऑक्टोबर १९१६ ला बार्शीत जन्मले. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. गिरणी कामगार होते. पुढे अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकरांबरोबर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गावोगाव गायले. मराठीत गाणारा एवढा मोठा शाहीर आपल्या गल्लीतल्या नावाचा होता, हे त्या पोराला चौदाव्या वर्षी कळलं.

मग प्रश्न येतो, असलं काही त्याने शोधायचं कुठे?

सरकारने यासाठी एक खातं ठेवलेलं आहे, दर्शनिका विभाग. सोप्या भाषेत गॅझेटिअरचं खातं. इंग्रजांच्या काळात जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याची गॅझेटिअर्स निघाली, त्यातला विसावा खंड सोलापूरचा, साल १८८४. पूर्वी हा खंड बघायचा तर पुण्या-मुंबईच्या एखाद्या मोठ्या ग्रंथालयात ओळख लागायची. आता या खात्याने जुने खंड इंटरनेटवर ठेवलेत आणि बार्शीतलं पोरगं मोबाईलवर ते उघडू शकतं. मला विचाराल तर इतिहासाच्या बाबतीत सरकारने जनतेसाठी केलेल्या मोजक्या कामांत हे फार वरचं काम आहे. अडचण एवढीच की तो खंड इंग्रजीत आहे, आणि इंग्रजीही सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीची. मी उतारे काढून त्यांचं मराठी आणि उर्दू करतो, मग वर्गात वाचतो.

मुलांना सगळ्यात मजा येते ती जातीजमातींच्या प्रकरणात. बागवान, तांबोळी, पिंजारी, एकेकाचं वर्णन. कोण मेहनती, कोण स्वच्छ, कोण काटकसरी, असे शेरे साहेबाने मारून ठेवलेत. आपापलं आडनाव निघालं की वर्गात हशा पिकतो. हसून झाल्यावर मी विचारतो, हे कुणी लिहिलं, कुणाला विचारून लिहिलं? महसूल गोळा करणाऱ्या सरकारला आपल्या रयतेची यादी हवी होती. त्या यादीत आपण आहोत, पण बोलताना कुठेच नाही.

दुसरी गोष्ट, पुस्तक १८८४ ला संपतं. बार्शी लाईट त्यात नाही, कारण ती आली १८९७ ला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरची अडीच फुटी रुळांची गाडी, आधी बार्शी रोड ते बार्शी. (बार्शी रोड म्हणजे आजचं कुर्डुवाडी. त्या स्टेशनला आमच्या गावाचं नाव होतं, हे कुर्डुवाडीकरांना अधूनमधून सांगावं लागतं.) १९११ ला गाडी लातूरपर्यंत गेली, म्हणजे थेट निजामाच्या मुलखात. आमचं गाव सरहद्दीवरचं. इकडे इंग्रज, तिकडे निजाम.

माझी नानी त्या तिकडून आली. तिच्या तोंडी सन कधी नसायचा. "पोलीस ॲक्शनच्या साली" एवढंच म्हणायची. लहान भावाला कडेवर घेऊन रात्री चालत बार्शीच्या बाजूला आलो, बाप मागे राहिला. पुढचं वाक्य ती कधी बोलली नाही, आणि घरात कुणी विचारलंही नाही.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं. त्याआधी रझाकारांनी केलेले अत्याचार खरे आहेत, आणि 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांनाही त्यांनीच मारलं, हे मी वर्गात आवर्जून सांगतो. त्यानंतर खेड्यापाड्यांत सामान्य मुसलमानांवर जे गुदरलं तेही खरं आहे. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांनी भारत सरकारसाठी गावोगाव फिरून अहवाल दिला. त्यांचा अंदाज २७ ते ४० हजार मृत्यूंचा. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आहे, आमच्या शेजारचं. हा अहवाल सरकारने छापला नाही. २०१३ च्या सुमारास दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो लोकांना बघायला मिळाला आणि ए. जी. नूरानींच्या पुस्तकात छापूनही आला. तोवर नानी गेली होती. तिच्या बापाचं काय झालं याची नोंद त्यातही नाहीच, पण जे झालं ते झालं होतं, एवढं तरी कुणीतरी लिहून ठेवलेलं आहे.

गॅझेटिअरचं खातं जे देतं ते घ्यावं आणि जे त्यात नाही ते आपण गोळा करावं, असं मला वाटतं. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० मध्ये उभं राहिलं ते असंच. राजवाडे लोकांच्या माळ्यावरची दप्तरं शोधत फिरले. ग. ह. खरे फार्सी शिकले आणि मंडळाकडून 'ऐतिहासिक फार्सी साहित्य'चे खंड काढले. सेतुमाधवराव पगडी उर्दू-फार्सी जाणणारे, ते तर याच गॅझेटिअरचे संपादक होते. मराठी माणसाने फार्सी शिकून इतिहास उघडला. आपल्याकडे मात्र उर्दू शिकलेला किती जणांना मोडी येते?

मोहल्ल्यात कागद आहेत. इनामाच्या सनदा, दर्ग्याची वहिवाट, मोडीतली खरेदीखतं. उर्दू शिकवतो म्हणून लोक मला फार्सी कागद दाखवतात. छापील नस्तालीक वाचणाऱ्याला शिकस्ता लगेच लागत नाही, दिवस जातात. पण फोटो काढू का म्हटलं की कागद परत पिशवीत. कागद बाहेर गेला की जमीन गेली, ही भीती. ती उगाच नाही, कोर्टात खेटे घातलेली माणसं आहेत ती. म्हणून मी आता त्यांच्याच घरी, त्यांच्यासमोर बसून उतरून घेतो आणि एक प्रत त्यांनाच देतो. वेळ लागतो, चहाही फार होतो.

राज्याचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं. यंदा सुट्टीत मी जाणार आहे, दोन माजी विद्यार्थिनीही तयार आहेत. नववीला मी एकच काम दिलंय: घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, आपण बार्शीत कुठून आलो, कधी, कशाने. सनावळी नाही आली तरी चालेल, ते म्हणतील तेच शब्द लिहा. आतापर्यंत एकतीस वह्या आल्यात. त्यातल्या चारांत "पोलीस ॲक्शनच्या साली" असं लिहिलंय. त्यांतल्या दोन घरांची नावं हिंदू आहेत, तेही तिकडूनच आलेले, रझाकारांच्या भीतीने. चौघींच्या आज्यांना एकदा एकत्र बसवायचं ठरवलंय, शाळेत नको, कुणाच्या तरी घरी.