बाबांचं नाक आणि गाडीचा काटा

शनिवारी सकाळी सात वाजता आमच्या गॅसवर दुधाच्या पातेल्यात पाणी तापत होतं. त्यात तारेने लटकवलेला एक पितळी बोल्टसारखा तुकडा, शेजारी थर्मामीटर आणि ओट्यावर मल्टिमीटर. आईने दारातूनच विचारलं, "ते दुधाचं पातेलं आहे, माहितीये ना?"

"पाच मिनिटं गं. गाडीचं काम आहे."

"म्हणजे बाबांचं खूळ आता तुझ्यात आलं," असं म्हणून ती पेपर घेऊन बाहेर बसली. बरोबरच होतं तिचं.

गाडी म्हणजे आमची प्रीमियर पद्मिनी. मूळची इटलीची फियाट ११०० डी, पण जन्म कुर्ल्याच्या कारखान्यातला. इंजिन १०८९ सीसी. बाबांनी नंबर लावून कित्येक वर्षं वाट पाहिली, तेव्हा कुठे १९८६ साली ती घरी आली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्स्या बंद झाल्या तेव्हा ऑफिसच्या ग्रुपवर मला सांत्वनाचे मेसेज आले होते!

या गाडीत पाण्याचं तापमान सांगणारा चालू मीटर माझ्या आठवणीत कधीच नव्हता. गरजही नव्हती, कारण बाबांचं नाक होतं. गरम रबराचा वास, जळक्या ऑइलचा वास, कूलंटचा तो गोडसर वास... घाटात मध्येच ते "थांब" म्हणायचे, बॉनेटवर तळहात ठेवायचे आणि पंधरा मिनिटं झाडाखाली उभे राहायचे. आम्ही पोरं वैतागायचो. पण तेहतीस वर्षांत गाडी एकदाही उकळली नाही.

ती उकळवली मी. २०१९ चा मे महिना, साताऱ्याला लग्नाला निघालो होतो. खंबाटकी घाटात बाबा म्हणाले, "वास येतोय. थांब जरा." मला उशीर झाला होता आणि खरं सांगायचं तर मागच्या एसी गाड्यांच्या हॉर्नची लाजही वाटत होती. म्हटलं, "बाबा, समोरच्या ट्रकचा असेल. वर जाऊन थांबू." वर पोचायच्या आत बॉनेटमधून वाफ! हेड गॅस्केट उडालं, हेड वाकलं, फेसिंगला द्यावं लागलं. बाबा एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग २०२१ च्या एप्रिलमध्ये बाबांना कोविड झाला. त्यातून ते बरे झाले, पण वास गेला तो आजतागायत पूर्ण आलेला नाही. फोडणी करपली तरी कळत नाही. परवा जेवताना सहज म्हणाले, "गाडी आता विकून टाकू या का? मला काही कळत नाही तिचं." ते ऐकलं आणि त्याच रात्री मी मीटर आणि सेंडर मागवला.

सेंडर म्हणजे पाण्यात बुडून राहणारा तुकडा. आत थर्मिस्टर असतो. पाणी जसं तापेल तसा त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, त्यामुळे मीटरमधून जास्त करंट जातो आणि काटा वर चढतो. संपलं! सेंडर आणि मीटर मात्र एकमेकांच्या जोडीचेच लागतात. एका मेकचा सेंडर आणि दुसऱ्याचा मीटर लावला तर काटा दिसतो छान, पण बोलतो खोटं. म्हणून ही पातेल्यातली परीक्षा. माझ्या सेंडरने ४० अंशांना साधारण २९० ओहम दाखवले, ९० अंशांना ५०च्या आसपास. पुणे साडेपाचशे मीटर उंचावर असल्यामुळे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळायला लागलं. आकडे सोबत आलेल्या कागदाशी जुळले. पातेलं मी स्वतः घासून ठेवलं.

आता बसवायचा कुठे? उत्तम जागा म्हणजे इंजिनच्या हेडमध्ये, थर्मोस्टॅटच्या आधी. कारण थर्मोस्टॅटच्या पुढे सेंडर लावला आणि थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला, तर इंजिन उकळत असतं आणि काटा पलीकडच्या गार पाण्याचं तापमान सांगत बसतो. पण एकदा वाकलेल्या हेडला भोक पाडायची माझी छाती नव्हती. आमचे नेहमीचे मेकॅनिक काका हसून म्हणाले, "थर्मोस्टॅट आहे कुठे तुमच्या गाडीत? कधीचाच काढलाय. वरच्या पाइपात घाला बिनधास्त." थर्मोस्टॅट काढणं काही चांगलं नाही, इंजिन तापायला उगाच वेळ लागतो. पण त्यामुळे माझा प्रश्न सुटला. पुढे कधी तो परत बसवला तर सेंडरची जागा बदलावी लागेल, हे वहीत लिहून ठेवलंय.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये, इंजिन पूर्ण गार असताना (गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, कधीच नाही!) निम्मं पाणी बादलीत काढलं. बादली लगेच झाकली, कारण कूलंट चवीला गोड आणि कुत्र्या-मांजरांना विषारी. रेडिएटरचा वरचा होज मधोमध कापला, मध्ये आटे पाडलेला ॲल्युमिनियमचा जोड घातला, दोन्हीकडे क्लिपा आवळल्या. गळू नये म्हणून सेंडरला नळाची टेफ्लॉन टेप गुंडाळून घट्ट केला. वायर मीटरला, मीटर फ्यूजमधून इग्निशनला. पाणी भरलं आणि स्टार्टर मारला.

काटा ढिम्म. दहा मिनिटं, वीस मिनिटं... होजला हात लावला तर चटका बसतोय आणि काटा म्हणतोय, "सगळं थंड!"

मग ऑफिसात करतो तेच केलं, एकेक भाग वेगळा करत गेलो. सेंडरवरची वायर काढून क्षणभर इंजिनला टेकवली; काटा सपकन टोकाला. म्हणजे मीटर ठीक, वायर ठीक. सेंडर तर सकाळीच पातेल्यात पास झालेला. मग चुकतंय कुठे?

बाबा खुर्ची टाकून बसले होते. नोकरी सगळी वीज मंडळात गेलेली. ते म्हणाले, "करंट आत गेला. परत कुठून येतो?"

अरेच्चा! सेंडरला वायर एकच असते. परतीचा रस्ता म्हणजे त्याचं स्वतःचं अंग. पातेल्यात मल्टिमीटरची दुसरी पिन मीच त्या पितळेला लावली होती. इथे मात्र तो ज्या जोडात बसलाय त्याच्या दोन्ही बाजूंना रबर. अर्थिंगच नाही! वर आट्यांवर माझी टेफ्लॉन टेप. टेप काढून तांब्याचा वॉशर घातला आणि जोडापासून इंजिनपर्यंत एक अर्थची वायर टाकली. काटा हळूच उठला आणि ऐंशीच्या पुढे जाऊन थांबला. हुश्श!

आज सकाळी कात्रजच्या जुन्या घाटातून चक्कर मारून आलो. चढावर काटा ९५ पर्यंत गेला, उतारावर खाली आला. झाकण दाब धरून ठेवतं, त्यामुळे तेवढ्याने पाणी उकळत नाही. मीटर मी मुद्दाम मधोमध, थोडा डावीकडे वळवून लावलाय, म्हणजे बाबांनाही दिसावा. त्यांना एक गोष्ट नीट समजावून सांगितली. पाणी गळून गेलं तर सेंडर कोरडा पडतो, आणि इंजिन जळत असतानाही काटा खालीच येऊ शकतो. म्हणून काटा वर गेला तर थांबायचं, आणि चढावर कारण नसताना अचानक खाली आला तर त्याहून आधी थांबायचं. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. अलर्ट यायचे बंद झाले म्हणजे सगळं आलबेल असतंच असं नाही.

घाटमाथ्यावर बाबा म्हणाले, "थांब जरा." काटा ८५ वर होता. मी काही न बोलता गाडी बाजूला घेतली. ते उतरले, बॉनेटवर तळहात ठेवला, मीटरकडे पाहिलं, परत हात ठेवला.

"बरोबर दाखवतोय," म्हणाले.

गाडी विकायचा विषय त्यानंतर निघालेला नाही. पंधरा मिनिटं झाडाखाली उभे राहिलो आणि मग घरी आलो.