मंडईत रुसलेली गाडी

पुण्यात आलात तर १८८६ साली सुरू झालेली मंडईची अष्टकोनी इमारत जरूर बघा. पूर्वीचं रे मार्केट, आताची महात्मा फुले मंडई! परवा तिथंच आमची जुनी प्रीमियर पद्मिनी रुसली. इंजिन नुसतं घरघरे, पेट घेईना.

"बॅटरी गेली, नवी घ्या," जो तो म्हणाला. मिस्त्रीकाकांनी मात्र आधी व्होल्टमीटर लावला. बॅटरीवर १२ व्होल्ट, पण इग्निशन कॉइलपाशी जेमतेम ७! मधल्या तारेचं टोक गंजलं होतं. ते घासून घट्ट बसवलं आणि गाडी सुरू!

कॉइल १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करते, तेव्हा ठिणगी पडते. म्हणून तिथं हात लावायचा नाही हं! आणि तपासल्याशिवाय कुणाला नापास करायचं नाही, हे तुमच्या बाईही शिकल्या.