तिघांचा बँड

कोल्हापूर,
20 जुलै 2025

चि. ओंकार यास,


तुझ्या आईचा काल फोन आला होता. तुमचा ड्रमर आदित्य याला पुण्यात नोकरी लागली, पुढच्या महिन्यात तो जाणार, आणि तो गेला की बँड बंद, असं तू घरी सांगून टाकलंस म्हणे. ड्रम्स विकायला काढलेत, हेही तिच्याकडूनच कळलं. फोनवर तू "बघू मामा" म्हणून विषय मिटवतोस, म्हणून लिहायला बसलो. सवडीनं वाच.

मार्चमध्ये आपण महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला गेलो होतो. 9 तारखेचा तो रविवार, दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल आणि इकडं महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा या संगीत महोत्सवात ग्रीन डे हा बँड, भारतात पहिल्यांदाच. मी केबलवर त्यांची गाणी ऐकली तेव्हा कॉलेजात होतो, आणि तू त्यांना पाहिलंस तेव्हा तूही कॉलेजात. परतीच्या गाडीत तू म्हणालास, "ही माणसं वेगळीच असतात मामा, आपल्याला ते जमायचं नाही." तुझं ते वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. त्यांची गाणी तुला पाठ आहेत. पण तीस-पस्तीस वर्षं ती तीन माणसं एकत्र कशी राहिली, हे तुला ठाऊक असतं तर असं म्हणाला नसतास.

मुळापासून सांगतो. कॅलिफोर्नियात ईस्ट बे भागात तेलाच्या कारखान्याशेजारी रोडेओ नावाचं गाव आहे. बिली जो आर्मस्ट्राँग तिथला, सहा भावंडांतला धाकटा. वडील ट्रक चालवायचे आणि जॅझ वाजवायचे. बिली जो दहा वर्षांचा असताना, 1982 च्या सप्टेंबरात, कॅन्सरनं गेले. आई हॉटेलात वाढपी. त्याच सुमारास शाळेत त्याला माईक भेटला. माईकच्या घरची परिस्थिती आणखी बिकट होती. त्याची आई दुसरीकडं राहायला गेली तेव्हा हा पोरगा शिक्षण पुरं करण्यासाठी आर्मस्ट्राँगांच्याच घरात भाड्यानं खोली घेऊन राहिला. 1987 मध्ये, पंधरा वर्षांचे असताना, त्यांनी पहिला कार्यक्रम केला तो बिली जोची आई काम करायची त्या हॉटेलात. तेव्हा बँडचं नाव स्वीट चिल्ड्रन होतं. आईनं घेऊन दिलेली निळी गिटार हेच काय ते भांडवल, आणि ती गिटार पुढं कितीतरी वर्षं त्याच्या गळ्यात होती. यात वेगळं काय आहे सांग बरं? राजारामपुरीत किंवा शुक्रवार पेठेत अशी दोन पोरं सापडणार नाहीत का?

त्यांना घडवलं ते बर्कलीतल्या 924 गिलमन स्ट्रीट या जागेनं. 1986 च्या शेवटच्या रात्री सुरू झालेला हा क्लब म्हणजे आपली तालीमच समज. मालक कुणी नाही, स्वयंसेवकच झाडलोट करणार, तिकिटं फाडणार, दारावर उभे राहणार. दारू नाही, मारामारी नाही, कुणाचा वंश किंवा बाईपण काढून बोलायचं नाही. आणि एक नियम फार कडक: मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला की त्या बँडला इथं स्टेज नाही. ग्रीन डेचे सुरुवातीचे अल्बम लुकआउट या छोट्या कंपनीनं काढले. पहिला तर सातशे डॉलरच्या आतच रेकॉर्ड झाला होता. पहिला ड्रमर शिक्षणासाठी निघून गेला, तेव्हा 1990 च्या अखेरीस ट्रे कूल आला. हे मुद्दाम सांगतो, कारण ड्रमर गेला म्हणून बँड बुडाला, हा तुझा हिशेब त्यांनाही लागू होता. त्यांनी तो मांडला नाही. ट्रेच्या वडिलांनी फिरत्या वाचनालयाची जुनी गाडी दुरुस्त केली आणि स्वतः स्टिअरिंगवर बसून या पोरांना गावोगाव नेलं.

आता वाजवण्याकडं येतो, कारण तू गिटार वाजवतोस आणि मला जे म्हणायचंय ते वाजवण्यातच दडलेलं आहे. पॉप-पंकवर नाक मुरडणारे म्हणतात, तीन कॉर्डांचं संगीत, त्यात काय कळायचंय! पण तो पॉवर कॉर्ड जरा नीट बघ. त्यात षड्ज आणि पंचम एवढेच सूर, गंधार गाळलेला. गंधार नाही म्हटल्यावर तो कॉर्ड आनंदीही नाही आणि उदासही नाही. अँप कितीही तापवला तरी तो घट्ट राहतो. भाव कुठला, हे ठरवायचं काम गळ्यावर आणि बेसवर येऊन पडतं. रॅमोन्सनी 1976 मध्ये हा वेग दिला, ग्रीन डेनं त्यावर लहान पोरालाही गुणगुणता येईल अशी चाल चढवली. 'लाँगव्ह्यू' पुन्हा ऐक. कडव्यात गिटार जवळजवळ नाहीच. माईकचा डुलत चालणारा बेस, ट्रेचे घुमणारे टॉम आणि वर आवाज. गिटार थेट धृपदाला कोसळते. बँडचा म्होरक्या, गाणं लिहिणारा आणि गाणारा, आपलं वाद्य बाजूला ठेवून दोघांना जागा देतो. तुमच्या तिघांच्या गाण्यांत तू पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत वाजवत असतोस. आदित्य बिचारा तुझ्या मागं धावतो.

'लाँगव्ह्यू' ज्या 'डूकी'मधलं, तो अल्बम 1 फेब्रुवारी 1994 ला आला. रॉब कव्हॅलो निर्माता, कंपनी मोठी. जगभरात त्याच्या दोन कोटींच्या घरात प्रती खपल्या, पुढच्या वर्षी ग्रॅमीही मिळालं. पण मोठ्या कंपनीशी करार झाला तेव्हाच गिलमनचं दार बंद झालं होतं. ज्यांच्यासोबत वाढले त्यांनीच 'विकले गेलेत' म्हणून तोंड फिरवलं. वीस-बावीस वर्षांच्या पोरांवर एकाच सुमारास जगाची टाळी आणि घरच्यांचा बहिष्कार. पुढच्या वर्षीच्या 'इन्सॉम्निअ‍ॅक'मध्ये तो ताण ऐकू येतो. अल्बम जास्त काळोखा, खप 'डूकी'पेक्षा बराच कमी.

मग 1997 चा 'निमरॉड', आणि त्यातलं 'गुड रिडन्स'. हे गाणं त्यानं 1990 च्या आसपासच लिहून ठेवलं होतं, सोडून जाणाऱ्या मुलीवरच्या रागातून. बँडच्या ढंगात बसत नाही म्हणून सात वर्षं कुठल्याच अल्बममध्ये आलं नाही. शेवटी घेतलं तेव्हा फक्त अकूस्टिक गिटार आणि व्हायोलिनं. सुरुवातीला बिली जो दोनदा चुकतो, पुटपुटत एक शिवी हासडतो आणि पुन्हा सुरू करतो. ते सगळं त्यांनी रेकॉर्डमध्ये तसंच ठेवलं. आणि हेच गाणं अमेरिकेतल्या शाळांच्या निरोप समारंभांत वाजू लागलं. गंमत अशी की माईक आणि ट्रे या गाण्यात वाजवतच नाहीत. तरीही ते बँडचं गाणं म्हणून आलं, त्या दोघांनी त्याला आपलं म्हटलं. अशा ठिकाणी भलेभले बँड फुटतात.

यानंतरची वर्षं तू लक्ष देऊन वाच. 2000 चा 'वॉर्निंग' फारसा चालला नाही. 2002 मध्ये ब्लिंक-182 बरोबर दौरा झाला. यांच्या मागून आलेल्या, यांच्याच वाटेवर मोठ्या झालेल्या त्या बँडच्या आधी यांनी वाजवायचं, असा तो क्रम होता. 2003 मध्ये नवा अल्बम जवळपास पुरा झाला आणि स्टुडिओतून त्याच्या टेप चोरीला गेल्या. कव्हॅलोनं त्यांना एकच प्रश्न विचारला: हे तुमचं सर्वोत्तम काम होतं का? तिघांनी विचार केला आणि प्रामाणिकपणे 'नाही' म्हटलं. मग ते सोडून दिलं आणि कोऱ्या पाटीवर सुरुवात केली.

पण त्याआधी त्यांनी जे केलं ते मला सगळ्यांत मोठं वाटतं. तिघांचं आपसांत धड पटत नव्हतं. माईक आणि ट्रेला वाटायचं की आपल्या सूचनांना किंमत नाही. तेव्हा दर आठवड्याला नुसतं बोलायला बसायचं, असं त्यांनी ठरवलं. वाद्यं बाजूला, मनातलं आधी बाहेर. त्यानंतर एक दिवस माईक स्टुडिओत एकटाच होता, त्यानं अर्ध्या मिनिटाचं एक गाणं करून ठेवलं. बिली जोनं ते ऐकलं आणि त्याला आपला अर्धा मिनिट जोडला. मग ट्रेनं. या जोडाजोडीतून 'होमकमिंग' हे नऊ मिनिटांचं गाणं उभं राहिलं, आणि त्याच रीतीतून 'जीझस ऑफ सबर्बिया'. इराक युद्धाच्या काळातला तो संतप्त अल्बम, 'अमेरिकन इडियट', 2004 च्या सप्टेंबरात आला आणि बिलबोर्डवर पहिला गेला. हे भाग्य त्यांना 'डूकी'नंही दिलं नव्हतं. बिली जोच्या वडिलांच्या मृत्यूवरचं गाणंही त्यातच आहे, तब्बल बावीस वर्षांनी. 2010 मध्ये या अल्बमवरचं संगीत नाटक ब्रॉडवेवर गेलं.

2012 मध्ये बिली जो व्यसनात पार कोसळला. लास वेगासच्या स्टेजवर भान सुटलं, गिटार फोडली आणि तो थेट उपचारांना दाखल झाला. त्या वर्षी तीन अल्बम ओळीनं येत होते, ते जवळजवळ पोरकेच बाजारात गेले. दौरे रद्द झाले. माईक आणि ट्रे थांबले. दुसरा गायक शोधला नाही, वेगळी चूल मांडली नाही. पुढच्या वर्षी तिघं पुन्हा उभे राहिले.

आणि 2015. एप्रिलमध्ये क्लीव्हलंडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा सन्मान झाला. त्याच आठवड्यात त्यांनी आपल्या पहिल्या ड्रमरला बोलावून स्वीट चिल्ड्रन या जुन्या नावानं कार्यक्रम केला. महिनाभरानं, आगीत नुकसान झालेल्या लोकांच्या मदतीसाठी, ते गिलमनमध्ये वाजले, बावीस वर्षांनी. सोडून गेलेला माणूस आणि तोंड फिरवलेली जागा, दोन्हींशी त्यांनी नातं तुटू दिलं नव्हतं.

ओंकार, माझं म्हणणं एवढंच आहे. मुंबईत तू जे पाहिलंस त्यात प्रतिभा होतीच, पण प्रतिभावान बँड दोन अल्बमांत संपलेले आपण ढिगानं पाहिलेत. ग्रीन डे टिकला, कारण तिघांनी एकमेकांची किंमत ओळखली. शब्द बिली जोचे, पण संगीताचं श्रेय अल्बमवर पुऱ्या बँडच्या नावानं छापलेलं असतं. बँड मोडतो तो माणूस गावाबाहेर गेल्यानं नाही, त्याच्याशी बोलणं थांबल्यानं मोडतो. तू आदित्यशी या विषयावर एकदा तरी सरळ बोललास का? आईच्या बोलण्यावरून तसं वाटत नाही. नोकरी सोड असं मी त्याला कधीच म्हणणार नाही, त्याच्या घरी तिची गरज आहे. पण पुण्याहून कोल्हापूरला महिन्यातून एकदा यायला काय अडचण आहे? तोवर तुम्ही दोघं चाली बांधा, त्याला पाठवा, तो तिकडं पॅडवर वाजवून बघेल. आपल्या गावात लोक स्वतःची गाणी ऐकायला येत नाहीत, फर्माईशीच करतात, ही तुझी तक्रार खरी आहे. तरी ती तिघांनी मिळून सोसायची गोष्ट आहे.

27 ऑगस्टला गणपती बसतात. त्याच्या आधीच्या रविवारी तिघंही माझ्याकडं जेवायला या. मामी तांबडा-पांढरा करणार आहे. सकाळी वाद्यं न उघडता बोला, जे साचलंय ते सगळं. दुपारी मात्र प्रत्येकानं अर्ध्या मिनिटाचं काहीतरी नवं ऐकवायचं, आदित्यनं सगळ्यांत आधी. त्यानंतरही बंदच करायचं ठरलं तर मी एक शब्द बोलणार नाही.

आणि ड्रम्स दुसऱ्या कुणाला देऊ नका. आदित्य सांगेल ती किंमत मी मोजतो. वरची खोली रिकामीच आहे, ते तिथं राहतील, आणि महिन्यातून एकदा तरी त्यानं येऊन ते वाजवावेत एवढीच माझी अट आहे.

तुझा,
मामा