साळुंकीची ऊ

आठ लिक्षांची एक यूका, हें कौटिल्याचें मान आम्हीं कोल्हापुरांत वर्षानुवर्षें मुलांकडून घोकून घेतलें. पण एका विद्यार्थ्यानें मेलेल्या साळुंकीच्या पिसावरील ऊ दाखवावयास आणली, तेव्हां “ओवळें तें, बाहेर टाक!” म्हणून आम्हींच त्यास दटावलें.

पुढें वाचनांत आलें कीं, ही ऊ मुख्यतः पिसेंच कुरतडते, अंडीं पिसांसच चिकटविते व सारा जन्म पक्ष्याच्या अंगावर काढते. जर्मन पंडित निट्श यानें १८१८ सालीं या गणास ‘लोकरभक्षक’ अशा अर्थाचें ग्रीक नांव दिलें. डोक्याचा घाट व अंगावरील केस सूक्ष्मदर्शकाखालीं ताडून नवी जाति ठरवितात. कित्येक जाति एकाच पक्ष्याच्या आश्रयानें जगतात. तो गेला कीं त्याही गेल्या.

त्या मुलाची क्षमा मागावयाची राहिली. वाचकहो, मुलाची मूठ आधीं उघडून पाहा; मग रागवा.