होडीचे दुसरे यंत्र

कोकण किनाऱ्यावरील फायबरच्या लहान होडीला अडीअडचणीसाठी दुसरे आउटबोर्ड यंत्र, म्हणजे पिछाडीला बाहेरून टांगायचे सुटे यंत्र, जोडण्याचा विचार सुरू झाला की चर्चा बहुधा अश्वशक्तीभोवतीच घोटाळते. वास्तविक निर्णायक असते ती दांड्याची लांबी. पिछाडीच्या उभ्या फळीच्या, म्हणजे ट्रान्समच्या, उंचीनुसार 15, 20 किंवा 25 इंची दांडा निवडावा लागतो, कारण पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीला किंवा किंचित खाली नसेल, तर लाटेवर पिछाडी उचलली जाताच पंखा हवा ओढतो आणि यंत्र नुसते गरगरते. मधली जागा मुख्य यंत्राने अडवलेली असल्याने हे यंत्र कडेला बसते, आणि होडी कलंडली की कडेचाच पंखा आधी उघडा पडतो, म्हणून येथे लांब दांडा श्रेयस्कर.

वेगाची हौस गैरलागू आहे. जाळ्यांनी जड झालेली होडी वाऱ्याविरुद्ध रेटायला कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात थोडेच अंतर कापणारा, पंखा हवा. टाकी मात्र स्वतंत्रच असावी, कारण मुख्य यंत्र पुष्कळदा पाणी मिसळलेल्या इंधनामुळेच बंद पडते, आणि त्याच टाकीवर विसंबलेले दुसरे यंत्र निव्वळ ओझे ठरते. महिनोन्‌महिने न चालवलेल्या यंत्राच्या कार्ब्युरेटरमध्ये जुने पेट्रोल चिकटून बसते, ही गोष्ट खरेदीच्या उत्साहात सहसा कोणी विचारातच घेत नाही.